पिवळी पट्टी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की टाळणं हीच सवय झाली. गेल्या महिन्यात अमरावतीहून देवीदासच्या मुलीचा फोन आला. "बापूकाका, बाबा गेले." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, की अशा वेळी कुणी "बरं" म्हणत नाही. मग थंड झालेला चहा पिऊन टाकला. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

अकोल्यात अकोट रोडला आमचं दोघांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिन माझ्याकडे, वायरिंग देवीदासकडे. तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसं जुन्या गाड्यांना मोठे हॅलोजन दिवे लावून घेत. एवढा करंट हँडलच्या बटणातून नेला तर बटण जळतं, म्हणून मध्ये रिले बसवावा लागतो. काड्यापेटीएवढी डबी. बटण दाबलं की आत टक् वाजतं आणि दिवा लागतो. पण डबी जुनी झाली की आतले पॉइंट काळे पडतात. मग टक् वाजतं, दिवा मात्र कधी लागतो, कधी नाही. गॅरेजमध्ये ठीक चालणारी गाडी वीस-पंचवीस किलोमीटरवर, डबी तापली की दगा देते.

देवीदास मला नेहमी टोकायचा. "बापू, टक् म्हनते म्हनजे करंट देते असं नाही रे. तुह्यी बायको हो म्हनते, तं सगळं कबूल असते का?" रिले तपासायचा तर तो दिवा चालू ठेवून, डबी हाताला चटका देईपर्यंत थांबायचा, वरून ती हलवून पाहायचा. गिऱ्हाईक कितीही घाई करो. "जा, समोर चा पिऊन या," म्हणायचा. मनासारखं काम झालं की जोडावर पिवळी पट्टी गुंडाळायचा. काळी टेप सगळेच वापरत, पिवळी फक्त त्याची. त्या भागात गाडी विकताना लोक सांगत, "पिवळ्या पट्टीची वायरिंग हाय, भाऊ."

तेल्हाऱ्याच्या एका मास्तरांची गाडी आली होती. दिवा अधूनमधून जायचा. देवीदास लग्नाला चांदूर रेल्वेला गेलेला. मास्तरांनी बजावून ठेवलं होतं, की गाडीला हात फक्त देवीदासनं लावायचा. तो यायच्या आतच ते गाडी न्यायला येणार, म्हणून दुपारी मीच डबी उघडली. पॉइंट काळे होते. नवा रिले घालायला हवा होता, आमच्याकडे नव्हता. बाजारात जायचा मी कंटाळा केला. पॉलिश पेपरनं पॉइंट घासले, बटण दाबलं, टक् वाजलं, दिवा लागला. मग त्याच्या खणातली पिवळी पट्टी काढून जोडावर गुंडाळली. मास्तरांनी वाकून पाहिलं.

"देवीदासनं पाह्यली ना?"

"हो हो, त्यानंच."

इतकं सहज बोललो मी. खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही.

अकोटच्या पुढे, अंधार पडल्यावर दिवा गेला. समोर कापसाची गाडी होती. मास्तर वाचले, पण उजवा पाय गुडघ्यातून कायमचा गेला तो गेलाच. पुढं ते काठीशिवाय चालले नाहीत.

आठवड्यानं त्यांचा भाऊ ती डबी वायरीसकट घेऊन गॅरेजात आला. सात-आठ माणसं जमली. त्यानं डबी देवीदासच्या पुढ्यात धरली. "हे पट्टी तुह्यीच ना बे? माह्या भावाचा पाय खाल्ला तुनं!"

देवीदासनं डबी हातात घेऊन फिरवून पाहिली. मी डावखुरा आहे, माझी गुंडाळणी उलटी पडते. त्याला ते एका नजरेत कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. मी बोलेन म्हणून थांबला... मी हात पुसत राहिलो. हात कधीच कोरडे झाले होते.

"पट्टी माह्यीच आहे, भाऊ," तो म्हणाला.

लोक गेल्यावर मला एवढंच म्हणाला, "उलटी गुंडाळली तू." आवाज चढलेला नव्हता. त्यानंतर वायरिंगची गाडी आमच्याकडे येईना. आली तरी लोक विचारत, "देवीदास तं हात लावनार नाही ना?" त्याच्यासमोर विचारत. वर्षभरात तो अमरावतीला गेला, दुसऱ्याच्या दुकानात पंक्चरं काढू लागला. वायरिंगला त्यानं पुन्हा हात लावला नाही. माझं गॅरेज चाललं.

अकोल्यात, तेल्हाऱ्यात, अकोटात ज्यांनी तेव्हा त्याला नावं ठेवली, त्यांच्यातले जे कुणी हे वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहितो... ते काम माझं होतं. मास्तर आता नाहीत. त्यांच्या भावाला मागल्या आठवड्यात जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, "आता काहून सांगून राहिले?" म्हणाला आणि आत निघून गेला.

अमरावतीला मी वर्षातून दोनदा-तीनदा जायचो. दरवेळी बसमध्ये मनाशी ठरवायचो. शेवटचा गेलो तेव्हा देवीदास खाटेवर होता, पाय सुजलेले. कमलवहिनी चहा ठेवायला आत गेल्या. तो हसला. "तू येतं काहून रे बापू? चा प्याले? बोलत तं काई नाहीस."

मी तोंड उघडलं. निघालं ते असं, "माह्या गाडीचा रिले त्रास देऊन राहिला."

त्यानं उशी पाठीशी ओढून घेतली. मग धाप लागत असताना सांगू लागला, आधी अर्थिंग पाहा, मग डबी गरम होऊ दे, घाई करू नको. मी मान हलवत होतो. माझी गाडी तर केव्हाच विकून झाली होती. हे त्यालाही ठाऊक असावं. त्याचं सांगून झालं. वहिनी चहा घेऊन येईपर्यंत वेळ होता, पुरेसा होता. मला म्हणायचं होतं ते एवढंच... देव्या, ते काम माह्यं होतं, अन् मी गप राह्यलो. मले माफ कर.