केकची जागा

लंडनच्या गॅटविक विमानतळावर सिक्युरिटीच्या बाईंनी माझी बॅग उघडली. आत दोन शर्ट, बारा साबण आणि पॅरासिटामॉलची अठरा पाकिटं. मी राहतो त्या वॉटफर्डमध्ये एका दुकानात दोनच पाकिटं देतात, म्हणून नऊ दुकानं फिरलो होतो.

"डोकं फार दुखतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. क्युबाला चाललोय."

औषधं रोलांडोच्या आईसाठी होती. रोलांडो आणि मी एकाच हॉटेलच्या किचनमध्ये भाज्या चिरतो. सात वर्षांत मी पहिल्यांदाच सुट्टी घेतली, तर हा म्हणाला, "माझ्या गावी जा. आईकडे राहा." मी नववीत शाळा सोडलेला, कराड आणि वॉटफर्डपलीकडे एकटा कुठे गेलो नव्हतो. भीत भीतच हो म्हणालो.

मातान्सास हे समुद्रकाठचं गाव. पूल भरपूर, वीज अधूनमधून. रोलांडोच्या आई, मर्सेदेसमावशी, औषधांच्या दुकानात नोकरीला. दुकान रोज उघडायचं, औषधं क्वचित यायची. मी नेलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी कात्रीने कापल्या आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत वाटून टाकल्या. जेवायला कोंग्री (घेवडा घालून शिजवलेला भात). सकाळी माझ्या ताटात एक अंडं असायचं, त्यांच्या ताटात नाही.

"मला अंडं आवडत नाही," त्या म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी मी अर्धं करून दिलं, तर मिटक्या मारत खाल्लं.

परतीच्या दिवशी डिझेल नाही म्हणून बस रद्द झाली. संध्याकाळचं विमान हवानाहून, तिथवर दोन तास. सोमवारी कामावर उभा राहिलो नाही तर नोकरी जाणार, आणि माझा व्हिसा त्या नोकरीवरच. घामाघूम होऊन कोलेक्तिवोच्या (आपल्या वडापसारख्या शेअर गाडीच्या) स्टँडवर पोचलो.

रांग कुठेच नव्हती. एक काका उभे दिसले, मी शिस्तीत त्यांच्यामागे उभा राहिलो. ते सावलीत सरकले, मीही सरकलो. ते भिंतीआड निघाले, मीही निघालो. तिथे त्यांनी वळून जे सुनावलं ते मला कळलं नाही, पण पोचलं.

कट्ट्यावर एक आजी हातात उघडा केक घेऊन बसल्या होत्या. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. हसू आवरत म्हणाल्या, "अरे, इथे रांगेत उभं राहत नाहीत, रांग लक्षात ठेवतात. आल्यावर विचारायचं, 'एल उल्तिमो?' (शेवटचा कोण?) आत्ता शेवटची मी. आता तू माझ्या मागे. पुढचा येऊन विचारेल, तेव्हा म्हण 'यो' (मी)."

पुढचा आला. "यो!" मी हात वर केला. त्याच्यानंतर एक बाई आली. नंबर जाईल या धास्तीने मी पुन्हा, "यो!" असं पाच वेळा.

गाडी आली, माझ्या बापाहून जुनी. पाचही जण उठले, आणि प्रत्येकाचा नंबर माझ्या बरोब्बर मागे!

असा काही गोंधळ उडाला! "काय म्हणतायत?" मी आजींना विचारलं.

"तुला बावळट म्हणतायत. प्रेमानेच."

पुढे कोण, यावर त्यांचं जमेना. शेवटी कोण, यावर लगेच एकमत झालं. शेवटी मी. आठ जागा भरल्या.

"पुढची गाडी कधी?"

"उद्या बहुतेक," ड्रायव्हरचं उत्तर आजींनी सांगितलं.

मी विमानाचं तिकीट काढून दाखवायला गेलो आणि मला रडूच फुटलं. मघाचे काका गाडीत डोकावून म्हणाले, "आठ कुठे? माणसं तर सातच!"

आठवी जागा केकची होती. नातीचा पंधरावा वाढदिवस, खोकी मिळत नाहीत, म्हणून आजींनी केकसाठीही भाडं भरलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"बस. केक मांडीवर घे. पाडलास तर उतरवीन."

दोन तास मी श्वासही जपून घेतला. खड्डा दिसला की सगळी गाडी ओरडायची, "केक!" आधी मला विमानतळावर सोडायचं ठरलं. मी न विचारता. उतरताना आजींनी माझा फोन नंबर लिहून घेतला.

सोमवारी मी कामावर होतो. दुपारी आजींनी पाठवलेला फोटो आला. नात हसत होती. निळ्या क्रीमवर कडेला माझ्या अंगठ्याचा खोल खड्डा, आणि नेमकी त्यातच पोरीने एक मेणबत्ती खोचली होती. त्यांची रांग मी मोडली, केकही बिघडवला. तरी तिकडून एकच प्रश्न आला होता, "पोचलास ना?"