आत का भाईर?

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली मी अठरा वर्षांचा होतो, आणि दिवस मावळताना रोज एकच सवाल ऐकत होतो. आमचा वेसकर दाराला हात लावून उभा राहायचा आणि वेशीत रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "मालक, आत का भाईर?" पाटील असो की पाटलाची म्हैस, सवाल तोच. म्हैस गप उभी राहिली तर तिला म्हणायचा, "अगं, कायतरी ठरव की."

तुम्ही वेसकर पाहिला नसेल. गावाच्या वेशीचं दार उघडायचं, लावायचं, राखायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. घर मात्र वेशीच्या बाहेर. त्याच्या जातीची सगळी वस्तीच बाहेर. दार लावून तो आत देवडीत, पहाऱ्याच्या ओवरीत निजायचा. बायको आणि म्हातारी आई तिकडं. मी निजामाच्या उर्दू शाळेत दोन इयत्ता बसलेला माणूस, पण एवढं उलटं आहे हे कळायला शाळा लागत नाही. तरी गावात कुणी ते बोललं नव्हतं.

त्या पावसाळ्यात रझाकार आले. शिवारातली माणसं, गुरं वेसकरानं हाका मारमारून आत घेतली. मग आपल्या वस्तीकडं पळणार, तोच माळवदांवरून सगळे ओरडायला लागले, दार लाव, दार लाव. त्यानं अडसर टाकला. दार टिकलं तेवढ्या वेळात आम्ही मागच्या ओढ्यानं निसटलो. वस्ती आधी जळाली. त्याची आई त्यातच गेली, बायको तेवढी पळून वाचली. मग दार जळालं, मग गाव.

निजाम पडल्यावर सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीतून परत आलो तर माळवदं खाली बसलेली. आम्ही पोरांनी ठरवलं, गाव उभं करायचं. बारव उपसली, भिंती उचलल्या. वेसकर आमच्या बरोबरीनं दगड वाहायचा. आता राज्य बदललं म्हणून त्याला मामा म्हणायचं, असंही आम्ही ठरवलं. पहिल्यांदा हाक मारली, "मामा, टोपलं इकडं द्या," तर तो मागं वळून बघायला लागला, कुणाचा मामा आला म्हणून. उमगल्यावर म्हणाला, "भाच्याला आहेर करावा लागतो म्हनं. माझ्याकडं टोपलंच हाय."

पुढच्या साली पाऊस झाला नाही. कणगीतली ज्वारी चोरीला जायला लागली, तशी म्हाताऱ्यांना वेस आठवली. सुतारानं बाभळीचं नवं दार केलं. बसवायच्या दिवशी सारं गाव जमलं, नारळ आला. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, गावात त्यांचा शब्द चालायचा. ते वेसकराला म्हणाले, ये, हात लाव.

तो पुढं आला नाही. हात मागं बांधून म्हणाला, "लावतो की. आधी सांगा, औंदा आमी आत का भाईर?"

लोक हसले. नेहमीची थट्टा वाटली. तो हसला नाही.

आम्ही पोरं त्याच्या बाजूनं उठलो. गावकूस पडलेलंच होतं, नव्यानं बांधायचंच होतं, तर वस्तीला वळसा घालून बांधा, वेस पुढं घ्या, एवढंच मागणं. म्हातारे म्हणाले, वेस जागा सोडत नसती, वेशीतला मारुती कोपंल. आमच्यातला एक म्हणाला, मारुतीनं समुद्र ओलांडला, त्याला चार पावलं जड हायेत का? त्याला त्याच्या चुलत्यानं जागेवरच एक ठेवून दिली. छावणीत एका ताडपत्रीखाली वेसकराच्या शेजारी झोपलेले लोक हे. मला अजून राग येतो.

अप्पा त्याला म्हणाले, "तुजं काम दार लावायचं. गाव कुठवर, ते तू सांगायचं न्हाई."

"मग दार तुमीच लावा, अप्पा," तो म्हणाला. "लई सोपं हाय. आपलं मानूस भाईर ऱ्हायलंय, तिकडं बघायचं न्हाई. बस."

संध्याकाळच्या आत त्यानं बोचकं बांधलं, बायकोला घेतलं आणि लातूरकडच्या मुरुडच्या वाटेला लागला. त्याचाही मला राग येतो. चार दिवस दम धरला असता तर आम्ही रेटलं असतं. मी वाटेत आडवा गेलो, मामा, थांबा म्हणलं.

आजवर मला मालक म्हणणारा माणूस, पहिल्यांदाच अरे म्हणाला. "अरे, तू लई चांगला हायेस. पन तू आतला हायेस."

पुन्हा तो दिसला नाही. नांदेडला गिरणीत लागला असं कुणी म्हणायचं, कुणी आणखी काही. आता लातूर जिल्हा वेगळा झाला, परत दुष्काळ पडलाय, आणि पाण्याचा टँकर वस्तीपुढं थांबवायचा की मारुतीपुढं, यावर आमच्याकडं अजून डोकी फुटतात. पोरांना मी त्याचं सांगतो. ती ऐकतात आणि घागरी घेऊन पळतात.

तो गेला त्या दिवशी नवं दार बसलं. दिवस मावळला. लावायचं कुणी? पाटील म्हणाले, आमचं काम नव्हं. कोष्टी म्हणाला, आमच्यात असलं करत न्हाईत. सुतार म्हणाला, मी केलं, लावू पन मीच का? एकेक जण दाराकडं बघून घरी गेला. दार उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या जळक्या घराचे उरलेले दगड गाडीत भरले आणि वेशीतून बाहेर काढले. वस्तीला लागून आमचा रिकामा गोठा होता. तिथं घराच्या पायाची दोरी धरली आणि कुदळ घातली. पाऊस नसल्यानं माती खडक झाली होती, कुदळ उसळत होती. अप्पा वेशीत उभे राहून मला माघारी बोलवत होते. मी खणत होतो.