होळीपर्यंत काय येईल

फुलकोबी, पत्ताकोबी आणि नवलकोलच्या बियांची पाकिटं दोन खोक्यांत भरून ब्लॉक ऑफिसला आली, तेव्हा पौष लागला होता. ती यायला हवी होती भाद्रपदात. खोकी उघडून मी तशीच उभी राहिले.

"बाई, आठ दिन में बाँट दो," बीडीओ साहेब म्हणाले. बीडीओ म्हणजे ब्लॉकचे मुख्य अधिकारी. "पचास घर. सबका अंगूठा लेकर रिपोर्ट मेरे टेबल पर."

"साहब, इसका टाइम निकल गया."

"टाइम देखना ऊपरवालों का काम है. आपका काम बाँटना."

मी बालाघाट जिल्ह्यात लामत्याला ग्रामसेविका होते. गावोगाव सायकलने जायचं, बायकांना भेटायचं, परसबागेत भाजी लावायला शिकवायचं, मुलांच्या खाण्यापिण्याकडे बघायचं, हे माझं काम. कोबीवर्गाचं बी आधी छोट्या वाफ्यात टाकतात. महिन्याभराने रोप उचलून लावायचं, आणि पुढे दोन-अडीच महिने थंडी मिळाली तर गड्डा भरतो. पौषात बी टाकलं तर गड्डा धरायच्या वेळेला चैत्राचं ऊन तापलेलं असतं. फूल पिवळं पडतं, शितासारखं सुटं होतं. बाई पाणी घालून घालून थकते आणि पुढच्या वर्षी ग्रामसेविका दिसली की दार लावून घेते.

हे साहेबांना तिथेच सांगायला हवं होतं. पण त्यांच्या टेबलावर, त्याच ट्रेमध्ये, माझा बदलीचा अर्ज पडला होता.

माझं घर भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरचं. मी नोकरीला लागले तेव्हा नागपूर राजधानी होती, बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते. मग राज्यं वेगळी झाली. तुमसर तिकडे गेलं, माझी नोकरी इकडे मध्य प्रदेशात राहिली. माझे मालक वारले त्या वर्षी माझी मुलगी उषा तीन वर्षांची होती. तिला आईजवळ ठेवून मी लामत्याला परत आले. छोट्या लाइनच्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने तुमसर रोड. रविवार जाण्यातच संपायचा. महिन्यातून एकदा जमलं तर जमलं. कटंगी ब्लॉक मिळाला असता तर तिरोडीहून तुमसरला थेट गाडी होती, दर रविवारी पोरीजवळ जेवता आलं असतं. दोन वर्षं मी त्या एका सहीची वाट पाहत होते.

तेव्हा मी "जी साहब" म्हणाले आणि पाकिटं पिशवीत भरली.

पहिलं गाव दोन कोसांवर होतं. तिथल्या बौद्ध वस्तीत सगुणाबाई राहायच्या. पन्नाशीच्या, एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, शांता. ती लग्न होऊन भिलाईला गेली होती. जावई तिथे कारखान्यात. त्या भागात सगुणाबाईंसारखी भाजीची बाडी दुसरी नव्हती. बाडी म्हणजे घरामागचा भाजीचा तुकडा. पण त्या भादव्यात नदी वर आली आणि बाडी पार धुऊन गेली.

मी सायकल लावेपर्यंत त्या हातात पोस्टकार्ड घेऊन बाहेर आल्या.

"बाई, आधी हे वाचा. काल आलं. मास्तर सुट्टीवर हाय, वाचाले कोनी नाही."

मी वाचलं. सप्रेम जय भीम. शांताला सातवा लागला होता. होळीच्या दोन दिवस आधी जावई तिला बाळंतपणासाठी पोचवायला येणार होता. शेवटच्या दोन ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरात होत्या: "आई, मले काहीच जात नाही. आपल्या कुंपनावरच्या सेमीची भाजी खावीशी वाटते. इथच्या बाजारातली तशी लागत नाही."

सेमी म्हणजे वालाच्या शेंगा. सगुणाबाईंनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. मग आत गेल्या आणि राखेत ठेवलेलं बियाणं मडक्यातून काढून आणलं. काळसर, पांढऱ्या डोळ्याचं बी.

"वेल पुरात गेला. पन बी हाय माह्यापाशी. आज लावतो. होळीले येतीन ना शेंगा?"

"नाही येणार."

"काहून नाही येनार? खत घालतो. रोज पानी घालतो."

"सगुणाबाई, ही गावठी सेमी आखाडात लावावी लागते. दिवस लहान होत गेले की मग ती फुलावर येते. आता संक्रांतीनंतर दिवस मोठे होत जातील. वेल वाढंल, पानं येतील, फूल नाही यायचं."

"तुमच्यापाशी सरकारी औषध असन."

"दिवस लहान करायचं औषध सरकारजवळही नाही."

त्या बसल्या. बी ओंजळीत तसंच. म्हणाल्या, "दोन वर्सानं येऊन राह्यली पोरगी. पैल्यांदा तोंडानं काही मांगलं तिनं. मांगतच नव्हती कधी. आन् माह्या बाडीत मातीबी धड नाही."

माझ्या पिशवीत पाकिटं होती. एक काढून त्यांच्या हातात ठेवलं असतं तर त्यांनी आनंदाने अंगठा दिला असता. होळीपर्यंत त्या रोज त्या वाफ्याकडे आशेने बघत राहिल्या असत्या. पाकीट काढायला मी हात घातलाही होता. तो रिकामाच बाहेर काढला.

"दिवस मोजू," मी म्हटलं.

उशिराच्या पेरणीत हे पहिलं काम. आपल्याला काय आवडतं ते नंतर. हातात दिवस किती, आणि त्यांतले थंडीचे किती, उन्हाचे किती, ते आधी. आम्ही ओसरीवर खडे मांडले. होळीपर्यंत पंचाहत्तर निघाले.

"आता एकएक भाजी सांगा," मी म्हटलं.

"वांगं?"

"रोप तयार असतं तर. बीपासून नाही."

"भेंडी?"

"थंडीत बी मातीतच कुजेल. महिन्याने टाकली तर होळीनंतर येईल."

"मुळा?"

"मुळा येईल. पन्नास दिवस. पालक महिन्यात. मेथी, सांबार येईल. पण एकदम पेरायचं नाही. एक वाफा आज, एक दहा दिवसांनी, एक त्याच्यानंतर. नाही तर सगळं माघातच तयार होईल आणि शांता येईपर्यंत फुलावर जाईल. शेवटचा वाफा लाल भाजीचा, तिला ऊन चालतं." सांबार म्हणजे कोथिंबीर, लाल भाजी म्हणजे लाल माठ.

"पानंच खाऊ घालू काय पोरीले दोन महिने?" त्या चिडल्या. "एखाद्या वेलावर काहीतरी पायजे. वेलावरचं तोडून खायची सवय हाय तिले."

मी विचार केला. दोडका साठ-पासष्ट दिवसांत येतो, पण पौषाच्या थंडीत त्याचं बी उगवत नाही. एक युक्ती मला ट्रेनिंगमध्ये शिकवली होती, मी स्वतः कधी करून पाहिली नव्हती. तीच त्यांना सांगितली. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं आणि शेणखताच्या उकिरड्यात हातभर खाली पुरायचं. उकिरडा आतून गरम असतो. चार-पाच दिवसांत कोंब फुटतो. मग पळसाच्या पानाच्या द्रोणात माती भरून एकेक बी लावायचं. द्रोण रात्री चुलीजवळ, दिवसा उन्हात. थंडी ओसरली की द्रोणासकट जमिनीत.

"लेकरासारखं सांभाळा लागंन म्हना," सगुणाबाई म्हणाल्या.

"हौ."

"मंग ते मले येते."

त्या आठवड्यात मी एकही पाकीट वाटलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं: बी हंगाम उलटल्यावर आलं, वाटल्यास नुकसान होईल, कोरड्या जागी ठेवून पुढच्या भाद्रपदात वाटावं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"मैंने फूलगोभी नहीं माँगी थी, बाई. अंगूठे माँगे थे."

"साहब, अंगूठा वही देगी जो मुझ पर भरोसा करती है. अगले साल भी उसी के घर जाना है."

"और आपकी कटंगी वाली दरख़्वास्त?"

त्यांनी ट्रेमधून माझा अर्ज काढला आणि उजवीकडच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तो ड्रॉवर वर्षभर तरी उघडत नाही, हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. मी बाहेर येऊन सायकल काढली. पुढच्या चढावर उतरले आणि सायकल ढकलत गेले, रडू आवरेपर्यंत.

सगुणाबाईंनी घरच्या बियांपासून दोडक्याचे बारा द्रोण केले होते. माघाच्या सुरुवातीला गारठा वाढला. तीन द्रोणांतली रोपं काळी पडली, दोन उंदराने खाल्ली. सगुणाबाईंनी उरलेले सात टोपलीत घालून उशाशी घेतले. मी जाई तेव्हा त्या टोपली उन्हात ठेवत असत किंवा आत घेत असत. पालकाचा पहिला वाफा तयार झाला. त्यांनी मला जुडी बांधून दिली. कुंपणाला सेमीचं एक कोवळं रोपही वर आलेलं दिसलं. मी सांगूनही त्यांनी लावलं होतं.

एकदा द्रोण जमिनीत बसवताना त्यांनी विचारलं, "तुमची पोरगी केवढी हाय, बाई?"

"पाच वर्षांची."

"काय खाते?"

मागच्या वेळी गेले तेव्हा तिने दूधभात खाल्ला होता. पण तो आजीच्या हातून. माझ्या हातचा घास घेताना ती आजीकडे बघत होती.

"बदली झाली की दर रविवारी जाईन तिच्याजवळ," मी म्हटलं. "सध्या ऑर्डर अडकली आहे."

"कवा होईन?"

"काय माहीत."

सगुणाबाई माती दाबत राहिल्या. "मंग तवलोक ते मोठी व्हायची थांबन काय?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. पण परतीचा सगळा रस्ता मी त्याचंच उत्तर शोधत होते.

शांता ठरल्या दिवशी आली. मी दुसऱ्या दिवशी गेले. ती बाडीत उभी होती, पोट पुढे, पाय सुजलेले. कुंपणावर सेमीचा वेल कमरेएवढा हिरवागार झाला होता. ती पानं बाजूला करकरून शेंगा शोधत होती.

"एकबी फूल नाही वं आई," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला बोलतील. त्या शांताजवळ गेल्या, तिचा हात धरून दोडक्याच्या मांडवाखाली नेलं. माझ्या हिशेबाने दोडके तोडणीला यायला हवे होते. थंडीने तो हिशेब मोडला होता. सात वेलांवर मिळून पाच दोडके, बोटाएवढे.

"हे तुह्यासाठी उशाशी ठेवून वाढवले," सगुणाबाई म्हणाल्या. "आठ दिस थांब."

शांताने डोळे पुसले. "आठ दिस कायले? मी आता इथंच हावो," ती म्हणाली आणि मांडवाखाली बसली. तिथेच बसून तिने मुळा खाल्ला, मिठाशी, पाल्यासकट. मग पालक घातलेलं वरण आणि भात. दोन वेळा मागून घेतला. "तिकडं मले एक घास जात नव्हता," ती मला सांगत होती. सगुणाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला.

दोडके नवव्या दिवशी निघाले. चैत्रात शांताला मुलगी झाली, सुखरूप. भेंडीही तेव्हाच सुरू झाली.

माझा अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला. जूनमध्ये रजा घेऊन मी तुमसरला गेले आणि उषाचे कपडे बांधले. आई म्हणाली, "त्या आडगावात पोरगी एकटी कशी राहील? तू तर दिवसभर सायकलवर." मी गाठोडं उचललं. गोंदियापर्यंत उषा आजीसाठी रडली, छोट्या गाडीत झोपली. लामत्याला पहिले पंधरा दिवस ती माझ्याशी जेमतेम बोलत होती. मी गावात जाई तेव्हा शेजारच्या घरी राही. मग हळूहळू ती संध्याकाळी फाटकाशी येऊन थांबायला लागली.

कटंगीची ऑर्डर चार वर्षांनी आली, दुसऱ्या साहेबांच्या सहीने. तोवर उषा लामत्याच्या हिंदी शाळेत रमली होती. ऑर्डर वाचून दाखवली तर म्हणाली, "मैं नहीं जाऊँगी." आम्ही गेलो नाही.

नवीन मुली ट्रेनिंगला येत तेव्हा त्या मला उशिराच्या पेरणीचा तक्ता मागत. मी तक्ता देत असे. सोबत सांगत असे की आधी उरलेले दिवस मोजा आणि त्यांत जे येईल ते त्याच आठवड्यात पेरा. थंडीसाठी आठ-दहा दिवस जास्तीचे धरा, मी धरले नव्हते.