अळणी पाणी

आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला बंधारा झाला, त्या वर्षी मी अडुसष्टचा होतो. शाळा दुसरीतच सुटली, पण खाडीचं पाणी मला जिभेला कळतं. चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरण्याआधी बोट बुडवून पाणी चाखायचं, ही आमच्याकडची रीत.

दसऱ्याच्या सुमारास ओहोटीला गेलो, तर पाणी नितळ.

"अहो, बघा तरी, तळ दिसतोय!" बायको हरखली.

मला तेच खटकलं. आमचं पाणी गढूळ, खारट. एवढं सोज्वळ ते कधीच नव्हतं. चाखलं तर अळणी. बंधाऱ्याची दारं उघडून गोडं पाणी सोडलं होतं, आम्हाला न विचारता. चिखलात नखाएवढ्या कितीतरी तिसऱ्या आ वासून मेल्या होत्या. मोठ्या मात्र गच्च मिटून बसलेल्या.

पाण्याचा संशय आला की तिसरी तोंड मिटते. थोरली असली तर पाणी पुन्हा खारं होईपर्यंत कळ काढते. पोरटीला तेवढा दम कुठला? ती उघडते आणि संपते. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. संशय धरून बसायलाही अंगात ताकद लागते.

"तुम्ही जन्मभर मिटलेलेच," बायको म्हणाली, "पण उरलेल्या पोरट्यांचं काय? पुढच्या वर्षी काय चिखल खायचा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे जगलेल्या बारक्या तिसऱ्या पाटीत भरून खाडीच्या मुखाशी नेल्या. पाणी चाखलं. खारट होतं. तरी पुन्हा एकदा चाखलं, आणि मगच पाटी ओतली.