राजवंशाची हमी आणि आमचं गाढव

शॉमबर्गला आमच्या टाउनहाउसची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. पलीकडे गणिताचे एक निवृत्त शिक्षक एकटेच राहत. ते ज्यू होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर कॅलिफोर्नियात. आम्ही आपसांत त्यांना आजोबा म्हणायचो. दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत हिब्रू स्तोत्रांचं वाचन चाले. मंडळी तिघंच. स्वतः आजोबा, दुसऱ्या कडव्याला झोपणारे एक निवृत्त दंतवैद्य आणि एक निवृत्त वकीलबाई. दंतवैद्य आले नाहीत तर आजोबांच्या ते लक्षातही येत नसे. वकीलबाई आल्या नाहीत तर मात्र त्यांचा तो आठवडा दाढी न करता जाई. हे निरीक्षण माझ्या बायकोचं.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी ड्राइव्हवेवरचं बर्फ काढत होतो. मी सामाईक रेषेपर्यंतच काढतो, पलीकडचं त्यांचं. आजोबा रेषेपलीकडे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वकीलबाई सोडून चालल्या आहेत. उद्याचा रविवार शेवटचा.

कारण होतं एकोणनव्वदावं स्तोत्र. मेंढरं राखणारा एक पोरगा राजा झाला, आणि देवानं त्याला शब्द दिला की तुझा वंश कायम गादीवर राहील, जोवर वर सूर्य आणि चंद्र आहेत तोवर. पुढचे वंशज वाईट निघाले तरी मी त्यांना छड्या मारीन, पण शब्द मोडणार नाही. हे सगळं सांगून झाल्यावर कवी एकदम म्हणतो, मग मुकुट धुळीत कसा पडला? तो शब्द कुठे गेला? वकीलबाईंचं म्हणणं असं, की हा सरळसरळ वचनभंग आहे, आणि जो पक्ष नोटिशीला उत्तरच देत नाही त्याची कागदपत्रं आपण का वाचत बसायची?

"तुम्ही विमा कंपनीत आहात," आजोबा मला म्हणाले. "बंद पडलेलं परत चालू कसं करतात, ते तुम्हाला ठाऊक असतं. तेवढं त्यांना समजावून सांगा."

मी म्हटलं, लॅप्स झालेल्या पॉलिसींचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम मी सांभाळतो इतकंच. ते म्हणाले, चालेल.

संध्याकाळी मी स्तोत्र वाचायला घेतलं. इंग्रजी प्रतीत बावन्न कडवी. सदतीस कडव्यांत स्तुती आणि वचन, पुढच्या चौदांत तक्रार, शेवटच्या एकात जयजयकार. हिब्रूत म्हणे त्रेपन्न आहेत, कारण तिथे मथळ्यालाही क्रमांक दिला आहे. हे मला अजून पटलेलं नाही. आपल्याकडे स्तोत्र संपत आलं की फलश्रुती येते. वाचणाऱ्याला काय मिळेल, विद्या की धन की पुत्र, ते स्वच्छ लिहिलेलं असतं. इथे त्या जागी तक्रार होती. पुढे एकशे बत्तिसाव्या स्तोत्रात तेच वचन पुन्हा सापडलं, पण या वेळी अटीसकट. तुझ्या मुलांनी माझा करार पाळला तर. मला फार आनंद झाला. ही तर सरळ सुधारित पॉलिसी होती.

बायकोच्या लेखी हे पोथीवाचन होतं. म्हणजे दोघांनी आंघोळ करून जायचं, पायातलं काढायचं आणि नारळ न्यायचा. ज्यू लोकांना नारळ चालतो का, असं मी विचारलं.

"देवाला चालतो ना? मग झालं."

त्यामुळे रविवारी आम्ही मोज्यांवर, हातात नारळ घेऊन त्यांच्या बैठकीत शिरलो. आमचे मोजे पाहून आजोबांनी संकोचानं स्वतःचे बूट काढले. ते पाहून दंतवैद्यांनीही काढले. वकीलबाईंनी काढले नाहीत. त्या निघायच्या तयारीनंच आल्या होत्या. नारळ कुठे ठेवायचा हे कोणाला कळेना. शेवटी तो दंतवैद्यांच्या मांडीवर विसावला.

वाचन झालं आणि आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की एकोणनव्वदावं ही मूळ पॉलिसी, एकशे बत्तिसावं ही नंतर जोडलेली अट. अट पाळली गेली नाही म्हणून पॉलिसी लॅप्स झाली. रद्द झाली नाही. लॅप्स झालेली पॉलिसी परत चालू करता येते.

"नंतरचं कुठलं ते कशावरून ठरवलंत?" वकीलबाईंनी विचारलं.

"क्रमांकावरून."

"हे क्रमांक तारखेप्रमाणे लावलेले नाहीत."

वकीलबाईंनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि एक हात बाहीत घातला. आजोबा उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले.

तेवढ्यात बायको मराठीत म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी. चंद्रसूर्याचं आपल्याकडेही असतं की."

म्हणून मी सांगायला लागलो, की आमच्याकडचे जुने राजे जमीन दान देत तेव्हा चंद्रसूर्य असेपर्यंत असंच लिहीत, आणि दगडावर वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरत. रायगड जिल्ह्यात माझ्या मामाच्या गावी देवळामागे असा एक दगड होता. लहानपणी आम्ही त्यावर बसायचो आणि मोठी माणसं हाकलून द्यायची.

वकीलबाई एका बाहीत थांबल्या. "आणि कोणी दान मोडलं तर?"

"त्यासाठी खाली चित्र असतं."

"कसलं?"

"गाढवाचं."

"गाढव नको हं," बायको मराठीत पुटपुटली.

"गाढव काय करतं?" वकीलबाईंनी विचारलं.

मला विचारलं की मी उत्तर देतो. शब्द मोडणाऱ्याच्या आईशी गाढव काय करील असा शाप त्यावर आहे, ते मी शक्य तितक्या सभ्य इंग्रजीत सांगितलं. चित्रात काही झाकलेलं नसतं, हेही सांगितलं. बायकोनं डोळे मिटून घेतले.

दंतवैद्य जागे झाले. "कोणाच्या आईशी?"

वकीलबाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाहीला डोळे पुसून त्यांनी उलटतपासणी सुरू केली. हा शाप फक्त प्रजेला, की दान देणाऱ्या राजालाही? मी म्हटलं, मला माहीत आहे तेवढं सांगतो, जो मोडील त्याला. पुढच्या राजांनाही. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पानावर बोट ठेवत गेल्या. सूर्य आहे. चंद्र आहे. आकाशातला साक्षीदार आहे. गाढव नाही.

"मसुदाच कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून त्या बिचाऱ्यावर तक्रार करायची पाळी आली."

आजोबा खिडकीपासून वळले. "चौदा कडवी तक्रार केली त्यानं," ते म्हणाले, "पण उठून गेला नाही. शेवटच्या ओळीत तिथेच बसलेला आहे."

वकीलबाईंनी कोटाच्या बाहीतला हात काढून घेतला. "म्हणजे मी माझी तक्रार इथे येऊनच मांडायची?"

"मी ऐकीन."

"सगळी मांडायला वेळ लागेल."

"लागू दे," आजोबा म्हणाले.

एकशे बत्तिसावं स्तोत्र खरोखर आधीचं की नंतरचं, हे मला अजून विचारायचं होतं. मी तोंड उघडलं तर बायकोनं कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "चला, आता यांना आपली गरज नाही." दंतवैद्यांनाही तिनं हाताला धरून उठवलं आणि आमच्याकडे आणलं. त्यांनी पोहे दोनदा घेतले आणि गाढवाचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पलीकडून भिंतीतून वकीलबाईंचा आवाज येत होता. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हाही त्या बोलतच होत्या.