काकूंची रानहळद

साठ-एकसष्टच्या सुमारास मला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागली. अमरावतीचं घर सोडून मी एका विधवा काकूंकडे खोली घेऊन राहिले. त्यांचे यजमान मेळघाटात जंगल खात्यात गार्ड होते. सागाच्या सावलीत उगवणाऱ्या रानहळदीचे कंद त्यांनी कधीतरी घरी आणले होते, आणि काकूंनी ते मागच्या अंगणात पेरूखाली लावले होते. श्रावणात रुंद पानांमधून गुलाबी शेंड्याचं कणीस वर यायचं आणि त्यातून पिवळीधमक फुलं डोकावायची. काकू ती देवासाठीसुद्धा तोडत नसत.

दिवाळीनंतर काकू मुलीच्या बाळंतपणासाठी निघाल्या. पानं तेव्हा कडेनं पिवळी पडू लागली होती.

"पानं सुकतीन, भेऊ नोको," त्या म्हणाल्या. "थे मरत नाई, जमिनीत झोपते. पावसाळ्यापर्यंत पाणी देऊ नोको."

मी मान हलवली, पण मनात म्हटलं, शास्त्र मी शिकवते. पानं पार वाळून मातीला टेकली तेव्हा मला राहवेना. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी आळ्यात बादलीभर पाणी ओतू लागले. आपली काळी माती, एकदा भिजली की लवकर सुकत नाही. शिवरात्रीच्या सुमारास उकरून पाहिलं, तर कंद बोटांखाली पचापच फुटले. एकही धड नव्हता.

काकूंना पत्र टाकता आलं असतं. त्याऐवजी मी सडके कंद कागदात गुंडाळून नाल्यात टाकले. बाजारात त्या दिवसांत ओली हळद आली होती, ती आणून त्याच आळ्यात पुरली.

चैत्रात काकू परतल्या. पिशवी खाली ठेवून आधी पेरूखाली गेल्या.

"पाणी नाई ना देल्लं?"

"नाही."

मृगानंतर कोंब आले, पानं पसरली. हळदीची पानं तशी सारखीच दिसतात, वास तेवढा वेगळा. एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं, काकूंनी पानाचा तुकडा तोडला, चुरगाळला, नाकाशी धरला. मग उठून हात धुतले.

श्रावण गेला, भादवा लागला. कुंपणापलीकडच्या बाईंनी विचारलं, "काहून वो, यंदा फुलं नाई आली?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या थांबल्या होत्या, आज मला ते स्पष्ट कळतं. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "यंदा पाऊस कमी झाला ना."

त्या वर्षी पावसानं आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं. काकू म्हणाल्या, "हो, पाऊस कमीच झाला," आणि घरात गेल्या.

पुढल्या वर्षी मला अमरावतीत जागा मिळाली आणि मी खोली सोडली. नंतर चार-पाच वर्षांनी शाळेची सहल घेऊन चिखलदऱ्याला गेले. घाटात सागाखाली सगळा उतार त्या पिवळ्या फुलांनी भरलेला. मुली गाणी म्हणत होत्या, माझी मान वर होईना. तिथल्या गार्डला विचारून दोन कंद खणून घेतले आणि त्याच रविवारी अकोल्याची एसटी धरली.

काकू थकल्या होत्या. कंद पुढे ठेवून मी सगळं सांगितलं, बादलीचं, नाल्याचं, बाजारच्या हळदीचं.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "यजमान असताना मीबी एकदा सडवली होती. थे हासले अन् दुसरी घेऊन आले. तू मले काहून नाई सांगतलं?"

त्यांनी चहा केला, दोघींनी घेतला. कंद तिथंच ओसरीवर पडले होते. ते त्यांनी लावले की नाही, हे विचारायला मी पुन्हा अकोल्याला गेले नाही.