पाव्हणा आणि लाल दोऱ्याची काडी

बानाबाईनं जन्मभर जनावरं हाकली, आणि म्हातारपणी एका मुठीएवढ्या पाखरानं तिच्या नाकी नऊ आणले, असं हर्सूलच्या त्या गल्लीत सगळे हसत सांगायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? पाखरासोबत दिवसभर घरात बसावं लागायचं ते बानाबाईला.

ती सोयगावकडच्या धनगराची लेक. चालायला लागली ती मेंढरांमागं, आणि लग्न होऊन मुंजाबाच्या घरी आली तीही मेंढरांमागंच. घोड्यावर संसार, पाठीवर पोर, आज या शेतात मुक्काम तर उद्या त्या. मुंजाबा गेला तेव्हा मुलगा बिरू कंपनीत लागलेला होता. त्यानं मेंढरं विकली, हर्सूलला दोन खोल्या बांधल्या आणि आईला शहरात आणलं. इथपर्यंत सगळं ठीक झालं. पुढं बिरूची चाकणला बदली झाली.

जाताना त्यांनी भांडी नेली, फ्रीज नेला, कपाट नेलं. नात मंजूचा पोपट मात्र मागं राहिला, कारण तिथल्या घरमालकाला पाखरं चालत नव्हती. बानाबाई मागं का राहिली, याचं कारण कुणी असं एका वाक्यात सांगितलं नाही. चौथा मजला आहे, तुला करमायचं नाही, घराला कुणीतरी हवंच, दिवाळीनंतर बघू, असं बरंच काही सांगून झालं. बानाबाईनं मान हलवली. मेंढराला कळतं तेवढं माणसालाही कळतं, पण माणसाला मान हलवावी लागते.

पोपट म्हणजे आपल्याकडचा हिरवा नव्हे. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर नारंगी टिकली आणि डोक्यावर तुरा. बाजारात त्याला कॉकटेल म्हणतात. मंजूनं त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं, पण बानाबाई त्याला पाव्हणा म्हणायची, कारण मानपान राहिलेल्या जावयासारखा तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात पाठ करून बसायचा. मंजू गेल्यापासून तर त्यानं बाहेर येणंच सोडलं. दाणे घालायला हात घातला की चावायचा. बानाबाईच्या अंगठ्यावर कायम एखादी तरी जखम असायची.

रविवारी संध्याकाळी मंजूचा व्हिडिओवाला फोन यायचा. बानाबाई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून खाली ठेवायची आणि समोर मांडी घालून बसायची. मंजू आधी पोपटाचं विचारायची, मग आजीचं. बानाबाईला त्याचं काही वाटत नसे. आपला नंबर दुसरा का असेना, लागतो तर खरा.

एका रविवारी मंजू म्हणाली, "आजी, एक उपाय सापडलाय. त्याला काडीनं शिकवायचं."

"आगं, काडीनंच तर शिकवलं म्या जन्मभर," बानाबाई म्हणाली.

तिनं उठून मुंजाबाची काठी काढली आणि तिचं टोक पिंजऱ्याच्या गजातून पाखराच्या शेपटामागं सारून "हुर्र" केलं. पाव्हण्यानं असा धुमाकूळ घातला, की दाण्यांची वाटी उलटली आणि पिसं उडाली. तिकडं मंजू पोट धरून हसत होती.

"आजी, हाकायचं नसतंय गं. बारीक काडी घ्यायची. मागं नाही, त्याच्या पुढं धरायची, जरा लांब. अन् गप बसायचं. त्यानं आपण होऊन टोकाला चोच लावली की जिभेनं टक् करायचं अन् लगेच दाणा द्यायचा."

"अन् नायच लावली तर?"

"तर नाही. काडी काढून घ्यायची. उद्या परत."

बानाबाई त्यावर बराच वेळ विचार करत बसली. हे तिला अगदी नवं होतं. कळपाच्या मागं राहायचं, मागून आवाज द्यायचा, चुकलेल्याला बगलेतून वळवायचं, ही तिची विद्या. ती मेंढरांच्या मागं चालली, नवऱ्याच्या मागं चालली, आणि पोराच्या मागं शहरात आली. कुणी काही पुढं धरून, तुझ्या मनानं ये म्हणून वाट बघत बसलंय, असं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्यामुळं हे कसं करतात तेही तिला ठाऊक नव्हतं.

तरी तिनं मनावर घेतलं. खराट्याची एक काडी घेतली, टोकाला लाल दोरा गुंडाळला. दाणा म्हणून राळा आणला. लहानपणी रानात खाल्लेला, आता दुकानात पाखरांसाठीच मिळणारा. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ ती पिंजऱ्यासमोर काडी धरून बसू लागली. हात अवघडायचा. शेजारची मनकर्णाबाई दारातून डोकावून म्हणायची, "बानाबाई, काय पोपटाला ओवाळायलात व्हय?"

"ओवाळत नाय बाई. वाट बघायलेय," बानाबाई सांगायची.

पाव्हण्यानं पुष्कळ दिवस तोंड इकडं वळवलंच नाही. मग एक डोळा फिरवला. मग एका सकाळी तो दांडीवरून सरकत सरकत आला, मान लांब केली आणि लाल दोऱ्याला चोच लावली. बानाबाईनं घाईघाईनं टक् केलं आणि दाणा दिला, आणि तिचे डोळे भरून आले. पाखरानं दोऱ्याला चोच लावल्यावर रडायचं काय, म्हणून तिनं स्वतःलाच एक शिवी दिली.

त्यानंतर त्याला भराभर समजत गेलं. काडी डावीकडं गेली की तो डावीकडं, उजवीकडं गेली की उजवीकडं. एका शुक्रवारी तो काडीमागं पिंजऱ्याच्या दारापर्यंत आला, खाली उतरला, फरशीवरून तुरुतुरु चालत तिच्या मनगटावर चढला आणि बसला. त्याचं वजन ते केवढं, पण बानाबाई हलली नाही. मेंढरं गेल्यापासून कुठलाही जीव तिच्या अंगावर असा येऊन बसला नव्हता.

मंजूला दाखवायचं म्हणून तिनं रविवारची वाट बघितली. फोन आला. ती सांगणार, एवढ्यात मंजूच म्हणाली, "आजी, एकदा का तो हातावर आला ना, मग आपली सुट्टी. तुलाही त्रास नाही, अन् माझाही क्लास सुरू होतोय."

बानाबाईनं दाखवायला उचललेली काडी खाली ठेवली.

"आला का गं बाहेर?"

"नाय गं," बानाबाई म्हणाली. "आजून नाय येत."

आणि तिनं काडी उचलून मुद्दाम त्याच्या मागं धरली, शेपटाला टोचेल अशी. पाव्हणा दचकून कोपऱ्यात पळाला. "अगं आजी, परत मागनं धरलीस," म्हणत मंजूनं सगळं पहिल्यापासून समजावलं. चांगला अर्धा तास गेला. त्यात शाळेचं निघालं, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं निघालं, आईच्या हातच्या बेचव कालवणाचंही निघालं. फोन ठेवल्यावर बानाबाईनं पाव्हण्याला मूठभर राळा घातला. नातीशी खोटं बोलल्याचं तिला फारसं वाटलं नाही. पाखराला टोचल्याचं फार वाटलं.

सगळा हिवाळा असाच चालला. एरवी पाव्हणा तिच्या खांद्यावर बसून घरभर फिरायचा, भाकरीचा तुकडा ओढायचा, आणि रविवारी संध्याकाळी बिचारा काही न येणारा व्हायचा. बोलणं संपलं की तिथंच फोनपुढं त्याला मूठभर राळा मिळायचा. "धनगराच्या बाईला पाखरू वळंना, लोक हसतील," असं बानाबाई वर म्हणायची, आणि मंजू तिला धीर द्यायची. एकटेपणात माणूस कुठली कुठली सोंगं करतं.

पण पाखराला सोंग थोडंच कळतं? एका रविवारी तिनं काडी शेपटामागं नेली, तर पाव्हणा पळाला नाही. गर्रकन वळला, लाल दोऱ्याला चोच लावली, आणि दाण्याची वाट न बघता दारातून उतरून सरळ तिच्या मनगटावर येऊन बसला. एवढ्यावर न थांबता तो तिच्या पदराची किनार चावू लागला, रोजच्या सवयीनं.

मंजू तिकडं ओरडलीच. आईला बोलावलं, बापाला बोलावलं. सगळे फोनच्या चौकटीत दाटीनं जमले आणि टाळ्या वाजवल्या.

"कधीपासनं येतोय गं?" मंजूनं विचारलं.

"आत्ताच," बानाबाई म्हणाली.

बिरूचा चेहरा पुढं आला. "बरं झालं आई. आता तुला सोबत झाली. आमची काळजी मिटली."

"व्हय," बानाबाई म्हणाली. तिनंही हसून दाखवलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिनंच लावला, तर सून म्हणाली, मंजू क्लासला गेलीय, आली की सांगते. सांगितलंही असेल. पोरगी वाईट नव्हती. तिच्या हातून एक काम पुरं झालं होतं, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी बानाबाईनं दिवेलागणीला फोन तांब्याला टेकवून ठेवला. का ठेवला ते तिला विचारू नये. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. काडी वर खुंटीला होती, तिनं हातही लावला नव्हता. पाव्हणा आपणच खाली उतरला, फरशीवरून चालत फोनपाशी गेला, आणि काळ्या काचेवर चोच लावली. मग मान वळवून तिच्याकडं बघू लागला. फोनसमोर बसलं की दाणा मिळतो, हे तो इतक्या रविवारी शिकला होता. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

बानाबाईनं जिभेनं टक् केलं आणि दाणा दिला. त्यानं खाल्ला, पुन्हा काचेला चोच लावली, पुन्हा बघितलं. फोन काही वाजला नाही. मुठीतला राळा संपेपर्यंत ती देत राहिली.